तो प्रसंग कुणी घेतला?

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरच मानून घे. कंबर धरली आहे आणि डोकं त्याहून जास्त.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला सध्या नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. शुक्रवारी सिनेमा लागला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी हिंदी सिनेमाच्या पडद्यावर दिग्दर्शक म्हणून माझं नाव आलं, एकट्याचं. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. नाव आलं तेव्हा तुझ्या भावजयीने माझा हात इतका दाबला की तिची अंगठी मला रुतली.

पहिला अर्धा तास लोक खोकत होते. मग हळूहळू त्या हॉस्पिटलच्या म्हाताऱ्या लिफ्टमनने त्यांना धरून ठेवलं. शेवटी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, त्याच्याच बायकोला स्ट्रेचरवरून त्याच्या लिफ्टमध्ये आणतात आणि तो सवयीने विचारून बसतो, कितवा मजला. त्यानंतर पडद्यावर कुणी बोलत नाही, आणि थिएटरातही कुणी हललं नाही. दिवे लागले तरी माणसं बसून होती. मला वाटलं, झालं, जिंकलो.

शनिवारी परीक्षणं आली. सिनेमाला कुणीच वाईट म्हटलेलं नाही, तेच तर दुखणं आहे. सगळ्यांना त्यात साहेबांचा हात दिसतो! एकाने लिहिलंय की शिष्याच्या नावावर गुरूचा सिनेमा. दुसरा म्हणतो, शॉट असा न कापता लांब धरून ठेवण्याची छाती त्यांच्याशिवाय कुणाची नाही. तेवीस वर्षं मी साहेबांचा मुख्य सहायक होतो. ते लांब शॉट कोण धरायचं ते युनिटमधल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

साहेबांना एका कार्यक्रमात विचारलं, खरं काय. त्यांनी चष्मा काढला, गोड हसले आणि म्हणाले, पोरगं आपलंच आहे, नाव कुणाचं का असेना, सिनेमा चांगला झाला ना. एक 'नाही' म्हणायला त्यांचं काय जात होतं? टाळ्या पडल्या म्हणे. मी इथे घरात भिंतीवर मूठ आपटली आणि आता हात सुजलाय. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझा,
बाब्या

*

१० मार्च

चि. बाब्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचे, बाकी सगळा मजकूर रागाचा आहे.

आधी सिनेमाचं सांगते. तुझ्या भाऊजींना घेऊन दुपारच्या खेळाला गेले. ऐकण्याचं यंत्र कानात होतं, तरी निम्मं कळलं नाही. शेवटच्या प्रसंगाला कानाची गरजच पडली नाही. तुझे भाऊजी रडले आणि घरी येईपर्यंत म्हणत होते की थिएटरात धूळ फार. टीव्हीवर तुला पाहिलं, तो शर्ट पुन्हा घालू नकोस. खिडकीच्या पडद्याचं कापड उरलं होतं का?

आता मुद्द्याचं. एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. जो जे बोलला ते त्याच्याच नावावर लिहायचं, एवढंच माझं काम. न्यायाधीश शिंकले तर ती शिंकही मी वकिलाच्या नावावर घातली नाही. आणि इथे माझ्या भावाचा अख्खा सिनेमा दुसऱ्याच्या नावावर घालतात! हा माणूस चष्मा काढतो आणि हसतो! मी समोर असते तर तो चष्मा त्याला परत डोळ्यांवर लावू दिला नसता.

तुझी तेवीस वर्षांची पत्रं माझ्याकडे तारखेवार लावलेली आहेत, अकरा फायली. ज्या पुलावरच्या प्रसंगासाठी साहेबांना मोठं पारितोषिक मिळालं, त्या दिवशी साहेब गाडीत झोपले होते आणि तू कॅमेरा पुलाच्या कठड्याला दोरीने बांधून शॉट घेतलास, हे तुझ्याच अक्षरात, त्याच संध्याकाळच्या तारखेने आहे. कारखान्याच्या फाटकाचा प्रसंग, तोही आहे. पाचवी आणि सातवी फाईल काढून टेबलावर ठेवली आहे. तू हो म्हण, मी पेपरच्या संपादकाकडे जाऊन बसते. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला कुणी नाही म्हटलं तरी चालतं.

तब्येत सांभाळ. हाताला शेक दे. भिंतीचं काही बिघडलं नसेल.

तुझी,
ताई

*

१६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

फायली जागेवर ठेव. हात जोडून सांगतो, आणि नाही ऐकलंस तर ओरडून सांगेन. तू आणि तुझ्या फायली! हे कोर्ट नाही. इथे जो गुरूविरुद्ध बोलला तो कृतघ्न ठरतो, मग त्याच्याकडे पुरावा असो नाहीतर देव स्वतः साक्षीला येवो.

मी साहेबांकडे गेलो होतो. ठरवून गेलो होतो की तोंडावर विचारायचं. ते आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते, एक माणूस त्यांची नखं कापत होता. मला स्टूल दिलं. तेवीस वर्षं तेच स्टूल. मी म्हटलं, लोक असं असं म्हणतात. ते म्हणाले, अरे, तुझी म्हणून जी शैली आहे ती आली कुठून, सांग. सांगायचं होतं की साहेब, ती माझ्याकडूनच तुमच्याकडे गेली. तोंडातून निघालं ते एवढंच, की चहा छान झालाय. उतरताना जिन्यात स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की वर येणाऱ्या बाई बाजूला झाल्या.

पण एक बरं झालं. मोठ्या साप्ताहिकाने पानभर मुलाखत घेतली, फक्त माझी. लिफ्टच्या प्रसंगाबद्दल खोदून विचारलं. मी सांगितलं की मूळ पटकथेत तिथे लिफ्टमनचं लांबलचक भाषण होतं, पण ऐन वेळी सेटवर मला वाटलं की हे सगळं काढावं, त्याने फक्त मजला विचारावा. मुलाखतकार भारावून गेला. आता तरी कळेल लोकांना. कात्रण सोबत आहे, फायलीत लाव आणि कुलूप घाल.

शर्ट तुझ्या भावजयीने आणलेला होता. तुझं वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही, घरात शांतता हवी आहे.

लोभ कमी करू नकोस.

बाब्या

*

२४ मार्च

आदरणीय सर,

स. न. वि. वि. तुमच्या हाताखालच्या सहा वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही. समोर बोलले तर आवाज चढेल, आणि तुमच्यासमोर आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणून लिहिते.

मुलाखत वाचली. चार वेळा वाचली. ऐन वेळी सेटवर तुम्हाला वाटलं, असं तुम्ही म्हटलंय. सर, तुम्ही सेटवर नव्हता. शूटिंगचा सतरावा दिवस होता. सकाळी मुतखड्याने तुम्ही जमिनीवर लोळत होता आणि मीच तुम्हाला गाडीत घातलं. हॉस्पिटलमधून तुम्ही फोन केला की भाषण दोन टेकमध्ये उरक आणि सगळ्यांना सोड.

आमचे म्हातारे नट ते भाषण बोलू शकत नव्हते. सहा टेक झाले. ते रडकुंडीला आले, म्हणाले, बाई, बायको समोर पडलेली असताना माणूस एवढं बोलत नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं. लिफ्टच्या त्या डब्यात ते, स्ट्रेचर, कॅमेरामन आणि मी, एवढेच उरलो. त्यांना विचारलं की लिफ्टमन म्हणून चाळीस वर्षं दार लावल्यावर तुम्ही पहिलं काय म्हणत आलात. ते म्हणाले, कितवा मजला. मी म्हटलं, मग तेवढंच म्हणा.

संकलनाच्या खोलीत तुम्ही तो भाग पाहिलात, आणि म्हणालात की मीही हेच केलं असतं. ती मला शाबासकी वाटली. आज कळलं की तुम्ही तेव्हाच तो प्रसंग घेऊन टाकला होता.

सगळ्यांत जास्त चीड कशाची येते सांगू? महिनाभर मी युनिटमध्ये ज्याला त्याला सांगत फिरतेय की सरांवर अन्याय झाला, सरांचं काम साहेबांच्या नावावर जातंय. लाइटवाल्यांशी भांडले. एकाशी तर अजून बोलत नाही.

तुमच्या पुढच्या सिनेमाला मी येणार नाही. वेळापत्रकाची वही आणि किल्ल्या ऑफिसात ठेवल्या आहेत. मुतखड्यासाठी पाणी पीत राहा.

आपली,
टाचणी
(तुम्हीच ठेवलेलं नाव. टोचते म्हणून ठेवलं होतं.)

*

२७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

टाचणीचं पत्र सोबत पाठवतोय. माझी सहायक, तू तिला एकदा घरी पाहिलंयस, चष्मेवाली. वाच आणि सांग, हे काय वय आहे का माझं असलं ऐकून घ्यायचं!

या पोरीला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा मी घेतली. सहा वर्षं शिकवली. भिंग कुठलं लावायचं, नटाला कधी एकटं सोडायचं, हे तिला स्वप्नात दिसलं का? माझ्याच हाताखाली शिकून तिने एक प्रसंग घेतला, तर तो माझाच नाही का? मी नसतो तर तिला ते सुचलं असतं? आणि पडद्यावर सहायक म्हणून तिचं नाव आहे की. नाव कुणाचं का असेना, सिनेमा चांगला झाला ना! एक तर साहेबांनी वरून खाल्लं, आता ही खालून कुरतडते. मी मधल्या मध्ये करायचं काय?

तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. पाण्याचा ग्लास माझ्यासमोर आदळला आणि आत गेली.

तू कोर्टातली. तूच सांग कुणाचं बरोबर. लगेच लिही.

बाब्या

*

१ एप्रिल

बाब्या,

आज आशीर्वाद नाही. पुढच्या पत्रात बघू.

मी न्यायाधीश नव्हते. माझं काम लिहून घ्यायचं आणि कुणी मागितलं तर वाचून दाखवायचं. तू मागतोयस, तर ऐक. ४ मार्चच्या पत्रात साहेबांचं वाक्य आहे, नाव कुणाचं का असेना, सिनेमा चांगला झाला ना. २७ मार्चच्या पत्रात तेच वाक्य शब्दाला शब्द आहे, आणि ते तुझं आहे. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तपासलं. अक्षरही त्याच माणसाचं.

मग अकरावी फाईल काढली. तुझं मागच्या वर्षीचं, १९ नोव्हेंबरचं, हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहिलेलं पत्र. त्यातलं उतरवते: "टाचणीने आगाऊपणा केला, भाषण उडवलंच. फोनवर खूप झापली. आज कॅमेरामनने फीत आणून दाखवली. ताई, मला हे सुचलं नसतं. मला जन्मात सुचलं नसतं." तुझी सही आहे, खाली मुतखड्याचं चित्रही काढलंयस.

म्हणजे तू विसरला नव्हतास. विसरला असतास तर मी एवढी चिडले नसते. तुझं पत्र आलं त्या सकाळी मी तुझ्या भाऊजींच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ते निमूट प्यायले, माझं तोंड पाहूनच.

फायली कधीही संपादकाकडे न्यायला मी तयार आहे. पण नेईन तर अकराच्या अकरा. आपल्याला सोयीचं पान ठेवायचं आणि अडचणीचं काढायचं, हे मी मोठमोठ्या वकिलांसाठी केलं नाही, तुझ्यासाठी तर मुळीच करणार नाही. त्या साहेबाचा मला जितका राग आला त्याच्या दुप्पट तुझा आला आहे. तो मला कुणी लागत नाही. तू माझ्या मांडीवर वाढलास.

पत्राचं उत्तर नको. जे करायचं ते कर आणि मग लिही.

ताई

*

२९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तर नको म्हणालीस म्हणून चार आठवडे गप्प होतो. आता केलं, म्हणून लिहितो.

पहिल्या सिनेमासाठी दिग्दर्शकाला देतात ते पारितोषिक मला जाहीर झालं होतं. ते द्यायला साहेब! मी टाचणीला निमंत्रण पाठवलं, उत्तर आलं नाही. स्टेजवर गेलो. साहेबांनी मला मिठी मारली, त्यांच्या अत्तराने शिंक आली. माइक हातात आला. मी सांगितलं की ज्या प्रसंगासाठी तुम्ही मला हे देताय तो मी घेतलेला नाही, माझ्या सहायक बाईंनी घेतला, त्यांचाच विचार, मी त्या दिवशी हॉस्पिटलात होतो, आणि मुलाखतीत मी खोटं बोललो. तिचं पूर्ण नाव दोनदा घेतलं. मग म्हटलं की दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घ्यायला मी तेवीस वर्षं जवळून शिकलो, पुलावरचा प्रसंग कुणी घेतला ते साहेबांना विचारा.

पहिली टाळी साहेबांनी वाजवली. सावकाश. मग माझ्या हातातून माइक घेऊन म्हणाले, आमचा शिष्य प्रांजळ आहे, एका दिवशी तो तिथे नव्हता हे त्याने सांगितलं, उरलेल्या दिवसांत कोण होतं तेही सांगेल हळूहळू. आणि लोक हसले! पोट धरून हसले, ताई. मी तिथेच उभा, हातात पारितोषिकाची ती पितळी बाहुली. ती फेकून मारावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू.

टाचणी आली होती. मागे भिंतीशी उभी होती. टाळी वाजवली नाही. मी खाली उतरेपर्यंत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची चिठ्ठी आली: सर, उशीर झाला, पण वाक्यं बरोबर होती. बस, एवढंच.

पेपरांत काय आलं ते तू पाहिलं असशीलच. दिग्दर्शकाची कबुली, गाजलेला प्रसंग माझा नाही. पुलाबद्दल एक ओळही कुणी छापली नाही. निर्मात्याने माझा दुसरा सिनेमा थांबवला. म्हणतो, सेटवर नक्की कोण असतं ते आधी ठरवा. खरं बोलून हलकं वाटतं म्हणणारा माणूस मला भेटव. मला फक्त चीड येतेय.

फायली ने. अकराच्या अकरा ने.

तुझा,
बाब्या

*

७ मे

चि. बाब्यास,

अ. उ. आ., मागचा राहिलेला आणि आजचा, दोन्ही.

संपादकाकडे जाऊन आले. तुझे भाऊजी फायलींची पिशवी घेऊन मागे, मी पुढे. संपादक तिशीतला मुलगा. त्याने दोन तास पत्रं वाचली. मुतखड्याच्या चित्राला हसला, पुलाच्या पत्राला हसला नाही. रविवारी आतल्या पानावर छापून आलं आहे, कोपऱ्यात, गाद्यांच्या जाहिरातीखाली. साहेबांच्या सचिवाचा खुलासाही शेजारीच आहे, की ही एका थकलेल्या सहायकाची घरगुती पत्रं असून साहेब त्याच्यावर नाराज नाहीत. नाराज नाहीत! मेहेरबानीच म्हणायची!

वाचून मी पेपर टराटरा फाडला आणि मग फायलीसाठी दुसरा विकत आणला. एवढ्यासाठी अकरा फायली उचलल्या का, असं तुझ्या भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, हो, एवढ्यासाठी. कुणाला पाहायचं असेल तर आता ते छापील आहे.

स्टेजवर तू जे बोललास ते मी संपादकाकडून ध्वनिमुद्रण घेऊन, यंत्र कानाला लावून, लघुलिपीत उतरवलं. मध्ये तू दोनदा अडखळलास. तेही उतरवलं. टाचणीचं नाव घेताना अडखळला नाहीस.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

*

१९ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण जे झालं ते मलाच पचलेलं नव्हतं. निर्मात्याने माझा थांबवलेला सिनेमा टाचणीला दिला. शिवणकामाच्या कारखान्यातल्या दोन बहिणींचा, मी तीन वर्षं बसून लिहिलेला. तो म्हणाला, लिफ्टचा प्रसंग जिने घेतला तीच घ्यावी.

ती घरी विचारायला आली. दारातच म्हणाली की तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता फोन करून नाही सांगते. मी तिला बसही म्हटलं नाही. मनात येईल ते बोललो. माझ्या तोंडचा घास काढून घेतेस असंही बोललो. तिने सगळं उभ्याने ऐकलं. मग म्हणाली, अजून सांगितलं नाहीत, हो की नाही. तुझी भावजय आतून पटकथेची प्रत घेऊन आली, तिच्या हातात दिली आणि मला म्हणाली की आता बाजारातून भाजी आणा. मी पिशवी घेऊन गेलो. परत आलो तेव्हा दोघी टेबलाशी बसून पटकथेत खुणा करत होत्या. माझ्या पटकथेत!

काल पहिला दिवस होता. लेखक म्हणून मला बोलावलं होतं, खुर्ची दिली होती, तिच्या पाठीवर माझं नाव. पहिला शॉट, थोरली बहीण कारखान्यात पहिल्यांदा शिरते. मी लिहिलंय की कॅमेरा यंत्रांच्या रांगेशी असावा आणि ती लांबून लहानशी दिसावी. टाचणीने कॅमेरा दारात लावला, त्या बाईच्या मानेमागे. सरळसरळ चूक. तालीम सुरू झाली आणि मी उठलो. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप कॅमेऱ्याकडे निघाले. हात वर करून थांबा म्हणणारच होतो.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ती सगळ्या युनिटसमोर, मोठ्याने, म्हणाली की सर, बसा.

लाइटवाले थांबले. कॅमेरामन, आमचाच जुना, बुटांकडे बघत राहिला. माझे कान तापले, ताई, मानेपर्यंत. तेवीस वर्षांत साहेबांनी असं कधी सगळ्यांसमोर सांगितलं नव्हतं, ते आपलं गोड हसायचे. मी तिथेच उभा होतो, कॅमेऱ्यापासून दहा पावलांवर. सगळे वाट पाहत होते.

मी मागे गेलो आणि बसलो.

तिने पाच टेक घेतले. पाचवा ठेवला. कॅमेरा चुकीच्या जागी होता असं मला अजूनही वाटतं.

भाऊजींना नमस्कार. त्यांच्या चहाची काळजी घे. तुझी माया असू दे, मी आजही फार रागात आहे.

तुझा,
बाब्या